रुक्खमूलाखालची देवाणघेवाण



भारतात वर्षावास संपतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि रानातल्या अळंबीचा हंगामही मागे पडलेला असतो. इंग्लंडमध्ये उलटे आहे. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होऊन कठीण चीवरदानाचा महिना लागतो, त्याच आठवड्यांत मेडनहेडच्या आसपासच्या बनांत पानगळ सुरू होते आणि पाचोळ्यातून लाल, पिवळ्या, जांभळ्या छत्र्या वर येऊ लागतात. मुलांना घेऊन फिरायला गेलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. ठरावीक छत्री ठरावीक झाडाखालीच दिसते. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली छत्री बर्चखाली किंवा पाइनखाली सापडते, ॲशखाली ती शोधून मिळत नाही. असे का होते, याचे उत्तर जमिनीखाली, झाडाच्या मुळाशी आहे. या महिन्याचा अभ्यासलेख त्याविषयी आहे.

भिक्खूच्या चार निस्सयांपैकी, म्हणजे जगण्याच्या चार किमान आधारांपैकी, निवासाचा आधार ‘रुक्खमूल’ हा सांगितला आहे. आपण त्याचा अर्थ ‘झाडाखाली’ असा घेतो, आणि तो बरोबरच आहे. पण शब्द ‘मूळ’ हा आहे. विनयपिटकात पाचित्तिय नियमांमध्ये दहावा नियम जमीन खणण्याविषयी आणि अकरावा वनस्पती तोडण्याविषयी आहे. आळवीचे भिक्खू बांधकामासाठी जमीन खणत होते, झाडे तोडत होते, त्यावर लोकांनी नापसंती दाखवली, तेव्हा हे नियम झाले. लोकांची त्या काळची समजूत अशी होती की माती आणि झाड यांतही एक इंद्रिय असलेला जीव असतो. यावरून ‘बुद्धांना बुरशीचे विज्ञान आधीच ठाऊक होते’ असे मात्र कोणी म्हणू नये. अशा उड्या मारून धम्माची शोभा वाढत नाही. मातीला निर्जीव ढिगारा न समजता जपून वागावे, एवढी शिस्त त्या नियमांत आहे आणि आपल्याला ती पुरेशी आहे.

आता जवळचेच एक बन घेऊ. मेडनहेडहून गाडीने साधारण वीस मिनिटांवर, बकिंगहॅमशायरमध्ये बर्नहॅम बीचेस आहे. एकोणिसाव्या शतकात ही जागा मोठमोठे बंगले बांधण्यासाठी योग्य म्हणून विक्रीला निघाली होती. १८८० साली सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने ती लोकांसाठी विकत घेतली म्हणून वाचली. आज ते सुमारे २२० हेक्टरांचे राखीव बन आहे. तिथली जुनी बीच आणि ओकची झाडे पाहिली तर खोड बुटके, फुगलेले, पोकळ, आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून एकदम अनेक फांद्या फुटलेल्या दिसतात. पूर्वी गावकरी गुरांचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर झाड छाटत, फांद्या सरपणाला नेत, आणि झाड पुन्हा फुटत असे. या छाटणीमुळेच झाडे एवढी टिकली. त्यांतली कित्येक चारशे वर्षांच्या पुढची आहेत. ‘ड्रुइड्स ओक’ नावाचा एक ओक तर आठशे वर्षांचा असावा असे मानतात.

पण तिथली जमीन कशी आहे? रेताड, खडे असलेली, आम्लधर्मी. आपल्या गावाकडचा शेतकरी ती हातात घेऊन बाजूला टाकून देईल. अशा जमिनीत कोणी खत न घालता चारशे वर्षे एवढे मोठे झाड कशावर जगते?

बीचचे मूळ एकटे नसते. त्याच्या बारीक टोकांवर बुरशीचे एक आवरण असते, हातमोजा घातल्यासारखे. त्या आवरणातून बुरशीचे तंतू आत शिरतात आणि मुळाच्या पेशींच्या मधल्या फटींत जाळी विणतात. पेशीच्या आत मात्र जात नाहीत. बाहेरच्या बाजूला हेच तंतू मातीत दूरवर पसरतात. हे तंतू मुळाच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात, त्यामुळे मूळ जिथे पोचू शकत नाही अशा मातीच्या कणाकणांतल्या भेगांत ते पोचतात. चमचाभर मातीत असे कित्येक मीटर तंतू भरतात. ते फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी गोळा करून मुळाला देतात. झाड पानांत उन्हावर तयार केलेली साखर मुळावाटे बुरशीला देते. ही साखर थोडीथोडकी नाही. झाडाच्या एकूण कमाईच्या अंदाजे दहा टक्के, कधी वीस टक्क्यांपर्यंत. बुरशीला स्वतःची साखर तयार करता येत नाही. तिचे पोट झाडावर, आणि झाडाची तहान-भूक बरीचशी तिच्यावर. आपल्याला शरद ऋतूत दिसणारी छत्री हे या बुरशीचे फळ आहे. झाड बाराही महिने जमिनीखाली असते, फळ तेवढे दोन-चार आठवडे वर येते, असे समजा.

या जोडीला ‘मायकोरायझा’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा सरळ अर्थ ‘बुरशी-मूळ’. ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी कृषी केंद्रात या नावाची किंवा ‘व्हॅम’ नावाची पाकिटे पाहिली असतील. हा शब्द १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने घडवला. त्याला प्रशियाच्या सरकारने ट्रफल नावाच्या, जमिनीखाली येणाऱ्या महागड्या अळंबीची लागवड करता येते का ते पाहायला सांगितले होते. लागवड काही जमली नाही, पण झाडांची मुळे उकरताना त्याच्या लक्षात आले की निरोगी झाडांच्या मुळांवर बुरशी जवळजवळ सगळीकडे आहे. बुरशी म्हणजे रोग, अशी त्या काळची समजूत. बुरशी झाडाला दाईसारखी भरवत असावी, हे फ्रांकचे म्हणणे अनेकांना पटले नाही. (जाता जाता: भगवंतांच्या अखेरच्या भोजनातल्या ‘सूकरमद्दव’ या शब्दाच्या अर्थांपैकी एक अर्थ अट्ठकथेत असा नोंदला आहे की ती डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी होती. ट्रफल शोधायला युरोपात डुकरेच वापरत, म्हणून काही अभ्यासक या दोन गोष्टी जोडतात. तो वाद इथे सोडवण्याचे कारण नाही.)

पुढचा एक महत्त्वाचा धागा आपल्या शेजारच्या रेडिंगमधला आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. मेबल रेनर या बाई रेडिंगच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. माळावर वाढणाऱ्या हेदर या झुडपाच्या मुळांतील बुरशीवर त्यांनी १९१५ साली निबंध लिहिला आणि १९२७ मध्ये ‘मायकोरायझा’ याच नावाचे पुस्तक. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई झाल्यावर ब्रिटिश सरकारने १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन केले होते. कमिशनने डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या माळावर पाइन लावायला घेतले, पण रोपे खुरटी राहत, पिवळी पडत, मरत. रेनर यांनी तिथे वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांनी दाखवले की मातीत खनिजे किती आहेत एवढेच पाहून भागत नाही. मुळांवर बुरशीची जोडी नीट जमली नाही तर रोप वाढत नाही, आणि योग्य कंपोस्ट घातले की ती जोडी जमते व रोप उभे राहते. कंपोस्टचा उपयोग बुरशीमुळे किती आणि नुसत्या पोषणामुळे किती, यावर त्यांच्याशी इतरांनी वाद घातला. तो वाद रास्तही होता. पण पाइन जिथे मूळचा नाही अशा दक्षिण गोलार्धातल्या देशांत हेच दिसून आले: बी आले, रोप उगवले, आणि जुन्या पाइनबनातली मूठभर माती आणून घातल्याशिवाय ते तगले नाही.

सगळी झाडे एकाच प्रकारच्या बुरशीशी जोडी करत नाहीत. बीच, ओक, बर्च, पाइन यांची जोडी वर सांगितली तशी, मुळाबाहेर मोजा घालणारी. ॲश, होली, यू आणि बहुतेक गवते, फळझाडे, कडधान्ये यांची जोडी दुसऱ्या प्रकारची असते. तीत बुरशी पेशीच्या आत शिरून झुडपासारखी बारीक फांदी काढते आणि जमिनीवर छत्री कधीच दाखवत नाही. म्हणून ॲशखाली लाल टोपी नसते. हा दुसरा प्रकार अतिशय जुना. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत, त्यांच्या पेशींत हीच झुडपी बुरशी सापडली आहे. त्या वनस्पतींना खरी मुळेही नव्हती. म्हणजे जमिनीवर वनस्पती आल्या त्या आरंभीच्या काळापासूनच ही सोबत आहे. वसंतात इथल्या बनांत जी ब्लूबेलची निळी फुले आपण पाहायला जातो, त्यांची मुळे इतकी जाड आणि थोडी असतात की या बुरशीशिवाय त्यांना पुरेसा फॉस्फरस मिळत नाही.

आपल्या परंपरेतली झाडेही या दोन प्रकारांत विभागली आहेत. बोधिवृक्ष, म्हणजे पिंपळ, दुसऱ्या प्रकारचा; त्याच्या मुळांत झुडपी बुरशी असते. पण कुसिनारा येथे मल्लांच्या ज्या शालवनात, जोडशालांच्या मधोमध, तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, तो साल किंवा शाल वृक्ष बीचसारखा आहे. त्याच्या मुळांवर बुरशीचा मोजा असतो. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमध्ये पहिला पाऊस पडला की सालाच्या झाडाखालची माती उकरून आदिवासी बाया ‘बोडा’ काढतात. गोट्यांएवढे गोल, वरून मातकट तपकिरी, आतून पांढरे. झारखंडात त्यालाच ‘रुगडा’ म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला तो मटणापेक्षा महाग विकला जातो. बटण मशरूमसारखी त्याची शेती का करत नाहीत? बटण मशरूम कुजलेल्या खतावर जगते, त्याला जिवंत झाड लागत नाही. बोड्याला सालाचे जिवंत मूळ लागते. सालाचे जंगल तोडले की बोडा संपला. वारुळावर येणारी अळंबी हा आणखी तिसराच प्रकार. तिची सोबत झाडाशी नसून वाळवीशी असते. वाळवी तिची चक्क शेती करते.

हे वाचून घरामागच्या बागेत वापरायला गार्डन सेंटरमधून मायकोरायझाचे पाकीट आणावेसे वाटेल, म्हणून सांगतो. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर आणि पालक या भाज्या ही जोडी करतच नाहीत. त्यांना ते पाकीट घालणे म्हणजे पैसे मातीत घालणे. मेथी, वांगी, टोमॅटो, मिरची जोडी करतात, पण बागेच्या मातीत बहुधा ही बुरशी आधीच असते. तिला जगू देणे सोपे आहे: माती दरवर्षी खोल उकरू नये आणि रासायनिक खताचा मारा करू नये. खत जास्त झाले तर काय होते ते पुढे येतेच.

आता थोडे आपल्या धम्मचर्चेविषयी. गेली काही वर्षे एक सुंदर गोष्ट प्रवचनांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरते आहे. झाडे जमिनीखालच्या बुरशीच्या तारांनी एकमेकांशी बोलतात, ‘माता वृक्ष’ आपल्या पिल्लांना अन्न पाठवतो, आजारी शेजाऱ्याला मदत करतो, म्हणून निसर्गातच मैत्री आणि करुणा आहे. गोष्ट मनाला भिडते. तिच्या मुळाशी खरे संशोधन आहे. १९९७ साली कॅनडाच्या सुझॅन सिमर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटिश कोलंबियातल्या जंगलात त्यांनी बर्च आणि डग्लस फर यांच्या शेजारी-शेजारी लावलेल्या रोपांना कार्बनची दोन वेगळी रूपे दिली, म्हणजे कोणता कार्बन कुठून आला ते ओळखू येईल. कार्बन दोन्ही दिशांनी गेला, आणि हिशेब केला तेव्हा फरच्या पदरात थोडा जास्त पडला होता. फर सावलीत असेल तर आणखी जास्त. ‘नेचर’ने मुखपृष्ठावर ‘वुड-वाइड वेब’ असे शब्द छापले आणि ते जगभर गेले.

परंतु त्या प्रयोगात शेजारी सीडरची रोपेही होती. सीडर दुसऱ्या प्रकारच्या बुरशीशी जोडी करतो, म्हणजे बर्चच्या जाळ्यात तो नाही. तरी त्याच्यातही थोडा कार्बन आला होता. याचा अर्थ काही कार्बन बुरशीच्या तारांवाटे न जाता मातीतूनही जातो. २०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघांनी आजवरचे क्षेत्रीय प्रयोग पुन्हा तपासले. जंगलांत अशी जाळी सर्वत्र आहेत, आणि त्यांतून आलेल्या अन्नाने रोपे जास्त चांगली वाढतात, या दोन दाव्यांना पुरेसा आधार नाही असे त्यांना आढळले. मोठी झाडे आपल्याच पिल्लांना ओळखून त्या तारांवाटे अन्न आणि धोक्याचे इशारे पाठवतात, या तिसऱ्या दाव्याला प्रत्यक्ष जंगलातला एकही प्रसिद्ध पुरावा मिळाला नाही. जाळी नसतातच असे ते म्हणत नाहीत. सिमर्ड आपल्या मतावर ठाम आहेत आणि वाद चालू आहे. मला यात सर्वांत लक्षणीय वाटते ते हे, की मेलनी जोन्स १९९७च्या निबंधाच्याही सहलेखिका आहेत. ज्या कामाने नाव झाले, तेच काम पंचवीस वर्षांनी त्यांनी पुन्हा तराजूत घातले. केसपुत्तच्या कालामांना दिलेला उपदेश आपण दरवर्षी वाचतो. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटीच विवेक आणि तर्क ही ठेवली. मग गोड गोष्ट म्हणून ती तपासल्याविना धम्मपीठावरून सांगणे आपल्याला शोभत नाही.

माझे मत असे आहे की धम्माला या माता वृक्षाची गरजही नाही. जे पक्के ठाऊक आहे तेच प्रतीत्यसमुत्पादाच्या अधिक जवळचे आहे. बुरशी झाडावर माया करत नाही आणि झाड बुरशीवर उपकार करत नाही. साखरेची गरज, फॉस्फरसची टंचाई, ओल, सावली, मातीचे आम्लपण ही कारणे एकत्र आली की जोडी उभी राहते. कारण बदलले की जोडी सैल होते. कधी सोबत सोबतच राहते, कधी शोषणही होते. इथल्या चिल्टर्नच्या बीचबनांत ‘बर्ड्स-नेस्ट’ नावाचे ऑर्किड येते. त्यात हिरवा रंग नाही, ते स्वतः अन्न करत नाही. बीचची साखर बुरशीला मिळते आणि हे ऑर्किड ती बुरशीकडून घेते. परतफेड काय करते ते आजवर कोणाला दाखवता आलेले नाही. निसर्गात करुणा शोधायला निघालेल्याने या ऑर्किडकडेही पाहावे. करुणा ही माणसाने जाणून-उमजून करायची भावना आहे, म्हणून तर तिची भावना-साधना करावी लागते.

कारणे बदलली की जोडी सैल होते, हे वाक्य बर्नहॅम बीचेसला आज लागू पडते आहे. मोटारींच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, शेणखतातून आणि गोठ्यांतून अमोनिया निघतो. हे वायू हवेतून आणि पावसातून जमिनीवर उतरतात. हे बन एका बाजूला एम-४०, दुसऱ्या बाजूला एम-४ आणि स्लाऊ, थोड्या अंतरावर हीथ्रो यांच्या मधोमध सापडले आहे. तिथे उतरणारा नायट्रोजन बनाला सोसवेल त्यापेक्षा जास्त आहे, हे अधिकृतपणे नोंदले गेले आहे. वाटेल की नायट्रोजन म्हणजे खतच, झाडाचे भलेच होईल. पण बुरशीची किंमत झाडाला ज्या टंचाईमुळे होती, ती टंचाईच गेली. फुकटचा नायट्रोजन मिळू लागला की झाड मुळाकडे साखर कमी पाठवते. पाचोळ्यातून कष्टाने नायट्रोजन सोडवून आणणाऱ्या बुरशी उपाशी पडून नाहीशा होतात. आयत्या नायट्रोजनवर भागवणाऱ्या मोजक्या जाती उरतात. मग फॉस्फरस आणि पाणी आणायला पुरेसे हात राहत नाहीत. युरोपभर बीचच्या पानांतला फॉस्फरस घटत चालल्याचे मोजले गेले आहे. बीचची मुळे उथळ असतात, कोरडा उन्हाळा त्याला सोसत नाही. १९७६च्या दुष्काळात दक्षिण इंग्लंडमध्ये कितीतरी बीच वाळले. असे उन्हाळे आता वारंवार येत आहेत.

याची पहिली जाणीव नेदरलँड्समध्ये झाली. गुरांची दाटी असलेल्या त्या देशात इफ आर्नोल्ड्स आणि इतरांनी १९८०च्या दशकात जुन्या नोंदी ताज्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पूर्वी बाजारात येणारी पिवळी शँटरेल आणि झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या इतर अनेक जाती झपाट्याने घटल्या होत्या. लाकूड कुजवणाऱ्या जाती मात्र तशा घटल्या नव्हत्या. म्हणजे लोक तोडून नेतात म्हणून अळंबी संपते, एवढेच कारण नव्हते. २०१८ साली लंडनच्या क्यू गार्डन्स आणि इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २० युरोपीय देशांतल्या १३७ जंगल-तुकड्यांची मुळे तपासून निबंध निघाला. कोणती बुरशी कुठे राहते हे ठरवणाऱ्या मोठ्या कारणांत हवेतून येणारा नायट्रोजन आहे, आणि युरोपने आखलेल्या प्रदूषणाच्या मर्यादा या बुरशींसाठी फार सैल आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. उत्तर अमेरिकेतल्या मर्यादा याहून बऱ्याच कडक आहेत. ब्रिटनमध्ये मोटारींची आणि वीजकेंद्रांची नायट्रोजन ऑक्साइडे १९९० नंतर बरीच कमी झाली. अमोनिया त्या मानाने फार थोडा उतरला आहे, आणि त्यातला बहुतांश शेतीतून, मुख्यतः जनावरांच्या खतातून येतो. आपण काय खातो आणि दोन मैलांसाठी गाडी काढतो का, हे प्रश्न इथे थेट मुळाला भिडतात. स्थानिक योजनांत बर्नहॅम बीचेसजवळ नवी घरे आणि रस्ते प्रस्तावित होतात, तेव्हा नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. आपल्या घरांतले लोक त्या वाचतात का? इथे मतदान करणारे, कर भरणारे आपणही आहोत.

बनात गेल्यावर वाट सोडून जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती फिरू नये. पायांनी माती दाबली गेली की तिच्यातली हवा जाते आणि तंतू मरतात. मेडनहेडच्या पश्चिमेचे थिकेट हे नॅशनल ट्रस्टचे बन मुलांना छत्र्या दाखवायला जवळचे आणि सोयीचे आहे. कोणती छत्री कोणत्या झाडाखाली दिसली एवढे वहीत लिहायला लावा. दोन-तीन शरद गेले की मुले झाड पाहून बुरशी सांगू लागतात.

छत्र्या तोडू मात्र नयेत. बर्नहॅम बीचेसमध्ये तशी मनाई आहेच, पण आपल्या लोकांसाठी त्याहून गंभीर कारण आहे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी आजीबरोबर रानातून अळंबी आणून खाल्ली आहे, आणि ती ओळखण्याचा आपल्याला भरवसा असतो. तो भरवसा इथे कामाचा नाही. बीच आणि ओकच्या मुळांशी राहणारी ‘डेथ कॅप’ ही फिकट हिरवट-पिवळसर टोपीची, पांढऱ्या देठाची छत्री जगातल्या अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंना जबाबदार आहे. कोवळेपणी ती आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या खाण्याच्या अळंबीसारखी दिसते, आणि आशियातून परदेशी गेलेली माणसे याच साम्याला फसली आहेत. ऑस्ट्रेलियात ही बुरशी मूळची नव्हती. युरोपातून नेलेल्या ओकच्या मुळांबरोबर ती तिथे पोचली, आणि कॅनबेरात २०१२च्या नव्या वर्षाच्या जेवणात ती खाल्ल्याने दोघांचा मृत्यू झाला. शिजवून, उकळून, वाळवून तिचे विष जात नाही. चव वाईट नसते. उलट्या-जुलाब सहसा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, मग एक दिवस बरे वाटते, आणि त्या वेळात यकृत निकामी होत असते. कोणी चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट न पाहता ९९९ला फोन करावा आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, डब्यात घालून बरोबर न्यावी.